नऊ नंबरचं पुढचं दार

तुमच्यापैकी कुणी कधी स्वतःच्या हातानं कागदावर लिहून दिलंय का हो, की मी योग्य आणि लायक व्यक्ती आहे म्हणून? नाही ना? मग तुम्हाला माझी दशा कशी कळणार! अहो, चोपन्न वर्षं मी या गावात वावरतेय, एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात उभी राहून पोरांच्या ताटात बटाटे वाढतेय, पण लॉरेन ऑर्मरॉड, तू लायक आहेस का गं, असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आईनं नाही, चॅपलातल्या पाद्रीबाबांनी नाही, हेडमास्तरांनी नाही. विचारलं कुणी, तर कौन्सिलनं! पान सव्वीस, प्रश्न चौदा. आपण योग्य आणि लायक व्यक्ती आहात का? पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. मधलं काहीच नाही, म्हणजे 'बऱ्यापैकी' किंवा 'प्रयत्न चालू आहे' असं काही लिहायची सोय नाही. आता आपणच आपल्याला 'हो' म्हणायचं म्हणजे किती लाज वाटते हो... मी आपली पेन्सिलीनं खूण केली. अगदी फिकी.

तर झालं असं, की आमच्या कौन्सिलनं नियम काढला, ज्यांनी ज्यांनी घर भाड्यानं दिलंय त्या सगळ्यांनी परवाना काढायचा. नियम वाईट नाही हं, मी तसं अजिबात म्हणणार नाही. स्टेशनामागच्या गल्लीत जाऊन बघा एकदा, भिंतींना काळी बुरशी, जिन्याला कठडा नाही, बॉयलर बंद पडून महिना झाला तरी मालक फोन उचलत नाही, आणि त्या घरात तान्हं मूल. त्या मालकांच्या मानेवर कुणीतरी बसायलाच हवं होतं. पण नियमाला काय, तेही मालक आणि मीही मालक! माझी मालमत्ता म्हणजे क्लेग स्ट्रीटवरचं नऊ नंबरचं घर, खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या. मी राहते अकरा नंबरात, मधे एकच भिंत. गिरणी बंद पडली तेव्हा कामगारांची घरं एकेक करून विकायला काढली होती, आईनं ही दोन घेतली, आणि जाताना माझ्या गळ्यात घातली.

आणि माझा भाडेकरू कोण, तर सिरिल एंटव्हिसल. वय ब्याऐंशी. एक्केचाळीस वर्षं त्याच घरात. ते आणि नोराकाकू राहायला आले तेव्हा मी तेरा वर्षांची होते, तेव्हापासून मी त्यांना सिरिलकाका म्हणते आणि ते मला ओरडतात. तुम्हाला सांगते, माझ्या खिडक्या मळल्या तर माझा भाडेकरू मला बोल लावतो! ही आमची मालकी.

फॉर्म सव्वीस नव्हे, सदतीस पानांचा. गॅसचा दाखला, विजेचा दाखला, धुराची घंटा कुठं लावलीय, खोल्या केवढ्या, घराचा नकाशा. सगळं मी शाळेतून आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून भरलं. एका पानावर होतं, आपल्या हातून कधी काही गुन्हा घडला आहे का, तपशील द्या. चार ओळी रिकाम्या. आता खोटं कसं लिहायचं? मी लिहिलं, एकोणीसशे शहाऐंशी साली एकदा बसमध्ये तिकीट न काढता तीन थांबे प्रवास केला, कंडक्टर वरच्या मजल्यावर होता, त्याबद्दल वाईट वाटतं. चार ओळी बरोबर भरल्या.

पण खरी गंमत नियम क्रमांक सहाची. मालकानं भाडेकरूच्या घरात पाऊल टाकण्याआधी चोवीस तासांची लेखी सूचना द्यावी. आता मी आई गेल्यापासून रोज चार वाजता सिरिलकाकांकडे चहाला जाते. मागच्या अंगणातून, मागच्या दारानं, न वाजवता. आमच्याकडे मागचं दार वाजवलं तर आतल्या माणसाला वाटतं, हिला आपला राग आलाय. पण नियम म्हणजे नियम! पान सव्वीसवर लायक म्हणून खूण करायची आणि नियम सहा पायाखाली तुडवायचा, हे मला जमेना. मी लिहायला सुरुवात केली. 'सूचना. उद्या दुपारी चार वाजता मी चहाला येत आहे. घरमालकीण.' घडी घातली, मागच्या दाराखालून सरकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराखालून उत्तर. 'सूचना मिळाली. बिस्किटं संपली आहेत. भाडेकरू.'

हसा, हसा. पंधरा दिवसांत बुटांचा एक खोका भरला. एकदा शाळेत वर्षअखेरीच्या जेवणाची गडबड होती, मी चिठ्ठी लिहायला विसरले. चार वाजता त्यांच्या अंगणात जाऊन उभी, पाऊस भुरभुरतोय, काका आतून म्हणतायत, ये की गं आत, आणि मी म्हणतेय, कशी येऊ, सूचना कुठंय? शेवटी त्यांनी उंबऱ्याच्या आतून कप पुढे केला आणि मी उंबऱ्याच्या बाहेर छत्रीखाली उभं राहून चहा प्यायले. आल्याचा केकही तसाच खाल्ला, भिजलेला. पण नियम मोडला नाही! सांगा, आहे की नाही लायक?

मग आल्या पिलिंगबाई, कौन्सिलच्या तपासनीस. जूडिथ पिलिंग. राखाडी कोट, हातात फाइल, कमरेला टेप, आणि खांद्याला चहाचा थर्मास, कारण कुणाच्या घरचा चहा घ्यायचा नाही असा त्यांच्यावर नियम. म्हणजे बघा, मालकाला आत यायला नियम आणि तपासणाऱ्याला चहा प्यायला नियम. त्यांनी काय केलं असेल? नऊ नंबरचं पुढचं दार वाजवलं.

आमच्या गल्लीत पुढचं दार वाजलं ना, की सगळी गल्ली गप्प होते. पुढच्या दारानं आमच्याकडे कुणी येत नाही. पुढची खोली ठेवणीतली, पुढचं दार ठेवणीतलं. रोजचं सगळं मागून, माणसं मागून, पोस्टमनसुद्धा मागून. मी वरच्या खिडकीतून डोकं काढून ओरडले, बाई, मागून या! मागून म्हणजे सोळा घरांची रांग संपवायची, कोपऱ्यावर वळायचं, कचऱ्याच्या डब्यांच्या बोळातून परत तितकीच घरं मोजत यायचं. पिलिंगबाई आल्या त्या चांगल्या बुटांना बटाट्याची सालं चिकटवूनच. सालं काढली आणि टेप काढली.

पण काम चोख हं बाईंचं. वरची मागची खोली नियमापेक्षा दोन बोटं मोठी भरली, पास. गॅस पास. जिन्याचा कठडा हलवून बघितला, पास. धुराच्या घंटेपर्यंत त्या पोचायच्या आधीच काकांनी पाव करपवला, घंटा घरभर किंचाळली, बाईंनी कानावर एक हात ठेवून दुसऱ्या हातानं खूण केली, पास. माझा फॉर्म त्यांच्या फाइलमध्ये होता. बसच्या तिकिटाचं वाचून म्हणाल्या, हे लिहायची गरज नव्हती. मग पान सव्वीस उघडलं, खिडकीच्या उजेडाकडे धरलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. फाइल मिटली.

आणि मग त्या ठेवणीतल्या खोलीत शिरल्या. तिथं पुढच्या दाराला टेकून नोराकाकूंचं काचेचं कपाट, त्यात चोवीस कप आणि बशा, निळ्या फुलांच्या. बाईंनी कपाटामागं डोकावून पाहिलं. दार बाहेरून मी दर तीन वर्षांनी हिरवं रंगवते, छान जाड थर देते, आणि रंगवता रंगवता चौकटीसकट रंगवलेलं. म्हणजे दार आणि चौकट असा काही भेदच उरला नव्हता. हा दोष माझा, मी कबूल करते.

बाई म्हणाल्या, हे आतून, चावीशिवाय, उघडलं पाहिजे. आग लागली तर कुठून जाणार?

काका म्हणाले, मागून.

आग मागंच लागली तर?

तर विझवीन, नळ मागंच आहे.

आता हे ऐकून मी हसले असते, पण काकांचा चेहरा काही हसण्यासारखा नव्हता. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, "बाई, ते दार दोघांनाच उघडतं. नवरीला आणि शवपेटीला. तेरा वर्षांपूर्वी नोराची पेटी गेली तेव्हा मी ते लावलं. आता पुढची पेटी माझी. मला घाई नाही."

पिलिंगबाईंनी लिहिलं. काय लिहिलं ते मला पोस्टानं कळलं, मागच्या दारानं. अठ्ठावीस दिवसांत पुढचं दार उघडतं करा, नाहीतर परवाना नाही. परवाना नाही म्हणजे घर भाड्यानं देता येणार नाही. घर भाड्यानं देता येणार नाही म्हणजे सिरिलकाका त्या घरात राहू शकत नाहीत. ओळी तीनच होत्या हो. त्या ओळींत एक म्हातारा माणूस एक्केचाळीस वर्षांच्या घरातून बाहेर पडत होता, आणि त्याला काढणारी कोण? मी! पान सव्वीस, प्रश्न चौदा!

तुम्ही म्हणाल, यात काय मोठं, जायचं आणि दार उघडायचं. तेच केलं मी, रीतसर केलं. चिठ्ठी दिली, 'सूचना. उद्या सकाळी दहा वाजता पुढचं दार उघडण्यासाठी येत आहे. घरमालकीण.' उत्तर आलं, 'सूचना मिळाली. परवानगी नाही. भाडेकरू.' आणि भाडेकरूनं नाही म्हटलं तर मालकाला आत जाता येत नाही, हासुद्धा त्याच परवान्याचा नियम! दार उघड म्हणणारेही तेच आणि आत जाऊ नको म्हणणारेही तेच. दहा वाजता मी मागच्या अंगणातून उघड्या दारांतून पाहिलं, तर काका कपाटाला पाठ लावून खुर्चीत बसलेले, टोपी घालून, मांडीवर वर्तमानपत्र. पहारा!

मग मी त्यांना बसनं टेकडीवरची नवी घरं दाखवायला नेलं. नेलं म्हणजे काय, कौन्सिलनंच पत्रात लिहिलं होतं, पर्याय उपलब्ध आहे. घरं छान आहेत, खोटं कशाला बोलू. उबदार, लिफ्ट आहे, न्हाणीघरात धरायला दांडा आहे. तिथली ती गोड मुलगी सगळं दाखवत होती, हे स्वयंपाकघर, हे कपाट, ही धोक्याची दोरी, ओढली की आम्ही धावत येतो. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मागचं दार कुठंय? ती म्हणाली, एकच दार आहे, आजोबा. हे, पुढचं. काकांनी टोपी घातली आणि बाहेर पडले.

घरी आल्यावर, चहा ओतताना म्हणाले, "लॉरेन, तिथं तुला दार वाजवावं लागेल."

बस्स. एवढंच. मी म्हटलं, मग काका, माझ्यासाठी उघडा ना ते दार. चहा बशीत सांडला. म्हणाले, "नाही गं जमत, पोरी. मला भीती वाटते."

ब्याऐंशी वर्षांचा माणूस, तरुणपणी गिरणीच्या बॉयलरमध्ये आत उतरून काम केलेला. त्याच्या तोंडून मी हा शब्द कधी ऐकला नव्हता.

मग थोड्या वेळानं, बशीतला चहा पिऊन झाल्यावर, आपणच म्हणाले, नवरी असती तर गोष्ट वेगळी. नवरी बाहेर पडली की दार धुऊन निघतं, मागचं सगळं पुसलं जातं, मग कुणीही उघडावं. मी म्हटलं, काका, नवरी आणू कुठून? तर माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघतात काय! म्हणाले, तो गॅसवाला डेस्मंड काय वाईट आहे? मी म्हटलं, तो वर्षातून एकदा येतो. म्हणाले, मग तर फारच उत्तम नवरा. घ्या! परवान्यापायी आता माझं लग्न लावायला निघाले!

दिवस जात होते. बावीस गेले. शाळेत माझ्या हातून एका दिवशी कस्टर्डमध्ये मीठ पडलं, तीनशे पोरांनी एकाच वेळी चमचे खाली ठेवले. मी माझी राहिले नव्हते. त्याच संध्याकाळी मी पंधरा नंबरात शाहीनकडे गेले, माझ्या कोटाचं अस्तर सुटलं होतं म्हणून. शाहीन शिवणकाम करते, अख्ख्या गावाचे कपडे तिच्या हाताखालून जातात. मागच्या दारानं आत गेले, आणि बघते तर स्वयंपाकघरात, फ्रिजच्या शेजारी, एक नवरी उभी! म्हणजे नवरी नव्हे हो, नवरीचा पोशाख, पुतळ्यावर चढवलेला. पांढरा शुभ्र, मागं जमिनीवर लोळणारी हातभर लांब झूल. तोंडात टाचण्या धरून शाहीन म्हणाली, शनिवारचं लग्न आहे, आपल्याच चॅपलात, कंबर अर्धा इंच घ्यायचीय, मुलगी इथंच येऊन घालणार आणि इथूनच निघणार. मी सहज विचारलं, कुणाची गं? तर म्हणते, ब्रायनी पिलिंग. तिची आई कौन्सिलात असते, ती नाही का, घरं मोजते ती.

मी खाली बसले. ज्या खुर्चीवर बसले तिच्यावर टाचण्यांची उशी होती. पण मला काही म्हणजे काही कळलं नाही, असा विचार चालू झाला होता डोक्यात. शनिवारी लग्न. सोमवारी अठ्ठावीस दिवस पुरे. पंधरा नंबर, तेरा, अकरा, नऊ. ओलांडायची तीन अंगणं!

आणि लगेच दुसरा विचार, पान सव्वीस, प्रश्न चौदा. तपासनीसबाईंच्या लेकीला आपल्या कामासाठी वापरायची, हे लायक माणसाचं लक्षण आहे का हो? शाहीन म्हणाली, तू मुलीला सरळ विचार, नाही म्हणाली तर नाही. आमच्यात नवरी निघते तेव्हा घरादाराचे डोळे भरून येतात, म्हणाली, आणि तुमच्यात दार उघडायचं की नाही यावर अडलंय!

शेवटच्या मापाला ब्रायनी आली तेव्हा मी तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. बसचं तिकीटसुद्धा. सत्तावीस वर्षांची मुलगी, उंच, खो खो हसणारी. पण काकांच्या भीतीचं ऐकताना हसली नाही. म्हणाली, माझी आजी अशाच गल्लीत राहायची, ती नेहमी सांगायची, पुढच्या दारानं निघाले तेव्हा सगळी गल्ली बाहेर उभी होती. आईच्या नव्या घराच्या दाराला कॅमेरा लावलेली घंटा आहे, त्या दारातून नवरी निघाली काय आणि पिझ्झावाला आला काय, सारखंच. येते मी, म्हणाली. फक्त आईला सांगू नका.

इथं मात्र मी अडले. आईला न सांगता कसं? पण मुलीचा शब्दही मोडायचा नाही. तुम्हाला सांगते, अर्धा दिवस विचार केला आणि शुक्रवारी सकाळी कौन्सिलच्या कचेरीत जाऊन पिलिंगबाईंच्या नावानं एक चिठ्ठी ठेवून आले. 'सूचना. उद्या शनिवारी दुपारी दीड वाजता नऊ नंबरचं पुढचं दार उघडेल. घरमालकीण.' यात एक अक्षर खोटं होतं का? नव्हतं. चोवीस तासांहून अडीच तास जास्तच दिले होते!

तशीच एक काकांना. 'सूचना. उद्या दुपारी दीड वाजता एक नवरी मागच्या दारानं येईल आणि पुढच्या दारानं जाईल. घरमालकीण.' उत्तर यायला या वेळी सकाळ नाही लागली, दहा मिनिटांत आलं. 'खरी नवरी का? भाडेकरू.' मी लिहिलं, खरी. मग भिंतीतून आवाज यायला लागले, कपाटं उघडल्याचे, झाकल्याचे. आणि दाराखालून त्यांची दुसरी चिठ्ठी. 'माझा पांढरा शर्ट तुझ्याकडे इस्त्रीला आहे का?'

शनिवारी सकाळी चोवीस कप आणि चोवीस बशा एकेक करून आम्ही स्वयंपाकघरात नेल्या. काका प्रत्येक कप मोजून देत होते आणि शाहीन मोजून घेत होती. कपाट सरकवलं, त्याच्या खाली गालिचा अजून नव्यासारखा लाल. मी पाव कापायची सुरी घेऊन बाहेरून दाराच्या कडेकडेनं रंग कापला, माझेच तीन-चार थर. पण दार ढकललं नाही हं! ते पहिल्यांदा नवरीनंच उघडायचं होतं.

दीडला पाच कमी असताना बोळातून निघाली मिरवणूक. पुढे मी, डबे बाजूला सारत. मागं ब्रायनी, हातात फुलं. तिच्या मागं शाहीन, झूल कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी वर बांधलेली आणि वर दोन्ही हातांनी धरलेली. तीन अंगणं, तीन फाटकं. तेरा नंबरच्या कुत्र्यानंसुद्धा तोंड उघडलं नाही. काका मागच्या दारात उभे होते. पांढरा शर्ट, टाय, दाढी इतकी घोटून केलेली की हनुवटीला दोन ठिकाणी कागदाचे तुकडे चिकटलेले. त्यांना मूलबाळ नाही. त्यांनी कोपर पुढे केलं, ब्रायनीनं त्यात हात घातला, आणि दोघं स्वयंपाकघरातून, जिन्याजवळून, ठेवणीतल्या खोलीत गेले.

दाराशी काका थांबले. म्हणाले, एक मिनिट. दारावर तळहात ठेवला, जसा घोड्याच्या मानेवर ठेवतात तसा, आणि म्हणाले, "नोरा, ही ब्रायनी. ही बाहेर चाललीय. बाकी काही नाही."

ब्रायनीनं कडी काढली आणि ओढलं. दार हललं नाही! पुन्हा ओढलं. नाही! तेरा वर्षांचा ओलावा पिऊन फुगलेलं लाकूड ते. बाहेर चॅपलाची घंटा सुरू झालेली, आणि माझ्या डोळ्यांपुढे पत्रातल्या त्या तीन ओळी. पण ती मुलगी काय साधी होती? फुलं माझ्या काखेत खुपसली, पोशाख गुडघ्यापर्यंत उचलला, पांढरा बूट चौकटीला लावला, म्हणाली, आजोबा, धरा मला. काकांनी तिची कंबर धरली, तीच, अर्धा इंच घेतलेली, मी काकांचा पट्टा धरला, शाहीननं टाचण्या थुंकून माझा कोट धरला, आणि... धाडकन! आम्ही चौघं मागं लाल गालिच्यावर, आणि दार सताड उघडं!

खोलीत उजेड शिरला. त्या भिंतींच्या कागदावर पिवळे गुलाब आहेत हे मी विसरूनच गेले होते. आणि बाहेर अख्खी क्लेग स्ट्रीट उभी, रिबिनी लावलेली गाडी उभी, आणि बरोबर मधोमध, निळ्या कोटात, डोक्यावर सुपाएवढी हॅट घालून पिलिंगबाई. हातात माझी चिठ्ठी.

त्यांना वाटत होतं, दारातून मी दिसेन, फार तर सुतार. दिसली त्यांची लेक. काकांचा हात धरून, केसात एक कपड्याचा चिमटा अडकलेला. मी तुम्हाला खरं सांगते, मला वाटलं, संपलं. आता परवाना तर नाहीच, वर नियम मोडल्याचा दंड. बाई एक पाऊल पुढे आल्या. त्यांची ती मोत्यांची पर्स, तळहाताएवढी, ती उघडली. मला वाटलं, रुमाल काढतील. काढली टेप! लेकीच्या लग्नाच्या पर्समध्ये टेप! डोळ्यांतून पाणी गालावर आलेलं, आणि बाई उंबऱ्याशी वाकून रुंदी मोजतायत.

म्हणाल्या, "आतून उघडलं? चावीशिवाय?"

ब्रायनी म्हणाली, "मी उघडलं, आई."

बाईंनी टेप मिटली. लेकीच्या केसातला चिमटा काढला, तिच्या गालावरून हात फिरवला, आणि मग माझ्याकडे वळल्या. मी उभी, काखेत नवरीची फुलं, कोटाच्या खिशातून डोकावणारी सकाळची पाव कापायची सुरी. म्हणाल्या, आज शनिवार आहे, कौन्सिल बंद आहे, पण डोळे काही बंद नसतात. सोमवारी मी लिहून देईन. आणि मग, "मिस ऑर्मरॉड, पान सव्वीसवर तुम्ही पेन्सिलीनं खूण केलीय. पेन्सिल चालत नाही. सोमवारी कचेरीत या आणि पेनानं करा. ठळक करा."

ऐकलंत? ठळक करा! एकतीस वर्षं बटाटे वाढल्यावर माझ्याबद्दल कुणी, भर गल्लीत, सगळ्यांच्या देखत, असं बोललं! मी तिथंच रडले असते, पण फुलं परत द्यायची होती.

काकांनी आतून एक कप आणला, निळ्या फुलांचा. बाईंनी थर्मास आणलाच नव्हता. उंबऱ्यावर उभ्या राहून त्यांनी नोराकाकूंच्या कपातून चहा प्यायला, तळापर्यंत, आणि म्हणाल्या, छान झालाय. मग नवरी निघाली चॅपलाकडे. गाडीत बसलीच नाही, चाळीस पावलं तर होती, चालतच गेली, रिबिनी लावलेली गाडी मागून रिकामी. तिच्या मागं गल्ली. आणि गल्लीच्या मागं सिरिलकाका, टोपी डोक्यावर ठेवून, पुढच्या दारातून, स्वतःच्या पायांनी. दोनदा मागं वळून बघितलं दाराकडे, जणू दार म्हणणार होतं, अहो, तुम्ही कसे काय? तिसऱ्यांदा बघितलं नाही.

जेवण झालं, नाच झाला, काका शाहीनच्या सासूबरोबर नाचले, गॅसवाला डेस्मंडही आला होता, त्याबद्दल मी आज काही बोलणार नाही. संध्याकाळी आम्ही घरी परत आलो, अर्थातच मागच्या दारानं. मी काकांना म्हटलं, चला, आता परवान्याची कटकट मिटली, लायक मालकीण आहे मी, आता कुणी मला काही म्हणू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माझ्या मागच्या दाराखालून एक चिठ्ठी आली, 'सूचना. पुढचं दार आता बंद होत नाही. भाडेकरू,' आणि मी रंधा घेऊन नऊ नंबरात गेले.